तीन फिरक्या

होडीवर धातूच्या एकूण एकोणीस वस्तू होत्या. डोलकाठीच्या माथ्याशी तीन तारा अडकवलेल्या, तिथल्या तीन कड्या. त्याच तारा खाली येत तिथल्या तीन फिरक्या. फिरक्या ज्यांत अडकत त्या होडीच्या अंगावरच्या तीन पट्ट्या. चार कप्प्या, सुकाणूच्या दोन बिजागऱ्या, दोर बांधायच्या तीन खुंट्या आणि डोलकाठीच्या बुडाखालची एक जाड पितळी चकती. मी प्रत्येक वस्तू दोन बोटांत धरून हलवून पाहिली.

"सात सैल आहेत," मी होडीतून ओरडून सांगितलं.

धक्क्याच्या एका टोकाला मोतीकाका उकिडवे बसले होते. त्यांनी विडी तोंडातून काढली. "त्यातली माझी किती?"

"म्हणजे?"

"सातातली माझी किती नि त्येची किती, ता सांग."

'त्येची' म्हणताना त्यांनी हनुवटीने धक्क्याच्या दुसऱ्या टोकाकडे खूण केली, पण तिकडे पाहिलं नाही. दुसऱ्या टोकाला त्यांचे धाकटे भाऊ जगूकाका उकिडवे बसले होते. तीच बैठक, तशीच मळकी टोपी, धूर सोडायची पद्धतही तीच.

"माका पण सांग," जगूकाका खाडीकडे बघत म्हणाले. "पण आधी माझी सांग."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. मिरजेची, भौतिकशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झालेली. खाडीच्या मुखाशी डॉल्फिन येतात, त्यांचे पाण्याखालचे आवाज नोंदवायचं काम मला मिळालं होतं. पाण्यात सोडायचा एक मायक्रोफोन, त्याची लांब केबल, एक यंत्र आणि कानाला हेडफोन, एवढा सरंजाम. इंजिनाची होडी चालत नव्हती, कारण त्या धडधडीत डॉल्फिन काय, देवमासाही ऐकू आला नसता. वल्ह्यांची होडी ओहोटीला मुखाशी टिकत नाही. शिडाचीच हवी होती, आणि कोळंबवाडीत शिडाची एकच होडी उरली होती. यंत्र दुसऱ्या संस्थेचं, पाच दिवसांसाठी मागून आणलेलं. शनिवारी संध्याकाळी ते परत जायचं होतं.

आमच्या सरांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "सलग दहा मिनिटं मला दुसरा कुठलाही आवाज नको. दहा मिनिटं मिळाली तर ही खाडी प्रकल्पात राहील, आणि तूही राहशील. नाही मिळाली तर सोमवारी गाळाच्या प्रयोगशाळेत ये. वाळूचे कण मोजायला तिथे माणूस हवंच आहे."

पहिल्या फेरीत डॉल्फिन आले होते. पाच होते. मी हेडफोन लावला आणि ऐकू आलं ते असं: टक्. टक्-टक्. टक्. मध्येच कुठेतरी एक बारीक शीळ, आणि तिच्या डोक्यावर परत टक्. होडीवरचं काहीतरी सैल होतं आणि लाटेगणिक आपटत होतं. लाकडातून तो आवाज पाण्यात उतरत होता. म्हणून मी मोजायला बसले होते.

आता त्या 'माझी किती' बद्दल.

होडी दोघांच्या वडिलांनी, गणपत गिरकरांनी, स्वतः बांधली होती. ते तीस वर्षं मुंबईत शर्यतीच्या शिडांच्या होड्या सांभाळायच्या कामावर होते. त्यामुळे गावातल्या इतर होड्यांना असतो तसा दोरांचा पसारा हिला नव्हता. तीन तारा, तीन फिरक्या, झालं काम. पुढे म्हाताऱ्याने हयातीतच वाटणी केली. तो गेल्यावर घराच्या मधोमध भिंत आली. विहिरीला दोन रहाट आले. होडी कापता येत नाही, म्हणून होडीचं अंग आणि सुकाणू मोतीकाकांना आणि डोलकाठी, शीड, तारा जगूकाकांना. मोतीकाकांनी आपली वाटणी निळी रंगवली होती. जगूकाकांनी आपली हिरवी.

मी होडी ठरवायला प्रथम मोतीकाकांच्या पडवीत गेले होते. तिथे एक लांब बाक होता, तो अर्धा या पडवीत आणि अर्धा भिंतीतून आरपार पलीकडच्या पडवीत. भिंत बांधताना तो कुणी कापला नव्हता. मी बसले तशी भिंतीपलीकडून जगूकाकांचा आवाज आला, "कोण बसलो रे तो? माझा टोक वर इला!"

दोघांनीही होकार दिला. अट एकच आणि दोघांचीही तीच: माझी वस्तू त्याच्या ताब्यात एकटी जाणार नाही, मी बरोबर येणार. तेव्हा होडीत सुकाणूवर मोतीकाका, शिडाच्या दोरावर जगूकाका आणि मध्ये मी. दोघं एकमेकांशी सहा वर्षं बोलत नव्हते.

"त्येका सांग, दोर सैल कर."

"जगूकाका, दोर सैल करा म्हणतायत."

"ऐकलंय मी. त्येका सांग, आधी होडी वाऱ्यात घाल, मगे दोराचा बोल."

"मोतीकाका, आधी होडी..."

"माका कान आसत. त्येका सांग, बाबान माका होडी शिकवल्यान तेवा हो लंगोटयेत होतो."

दोघांच्या गुडघ्यांत तीन फुटांचं अंतर होतं आणि त्या तीन फुटांत माझे गुडघे होते. होडी वळवायला जेवढा वेळ लागतो त्याहून निरोप पोचवायला जास्त लागत होता, म्हणून आम्ही कालवांच्या खडकाला दोनदा घासून गेलो.

तर सात सैल वस्तूंपैकी चारांचा निकाल त्याच दुपारी लागला. सुकाणूची एक बिजागरी मोतीकाकांची, ती त्यांनी आवळली. दोन कप्प्या जगूकाकांच्या, त्या त्यांनी आवळल्या. डोलकाठीखालच्या चकतीचा एक स्क्रू ढिला होता आणि तिथे थोडी बोलाचाली झाली, अर्थात माझ्यामार्फत. चकती मोतीकाकांची, पण तिच्यावर उभं असलेलं वजन जगूकाकांचं. शेवटी जगूकाकांनी तोंड फिरवून डोलकाठी केसभर उचलून धरली आणि मोतीकाकांनी तोंड फिरवून स्क्रू पिळला. दोघं एकमेकांकडे पाठ करून ते कसं करू शकले हे मला आजही सांगता येणार नाही.

उरल्या तीन फिरक्या. आवाज त्यांचाच होता. हाताने हलवली की टक् असं तेच ऐकू येई.

फिरकी म्हणजे वीतभर लांबीची पितळी चौकट. तिच्या दोन्ही टोकांतून आट्यांचा एकेक दांडा आत येतो. वरचा दांडा तारेला जोडलेला, खालचा एका पिनेने होडीच्या पट्टीला. एकाचे आटे उजवे, दुसऱ्याचे डावे. त्यामुळे मधली चौकट फिरवली की दोन्ही दांडे एकदमच आत ओढले जातात आणि तार ताणली जाते. पाना घातला तर अर्ध्या तासाचं काम.

"ह्या कुणाच्या?" मी विचारलं.

"त्येच्यो," मोतीकाका म्हणाले. "फिरकी तारेक लागता. तार त्येची. त्येनाच आवळूची."

"कायतरीच," जगूकाका म्हणाले. "त्येका सांग, फिरकी पट्टयेर बसता. पट्टी त्येची."

वाटणीत माणसं एकाच वस्तूवर हक्क सांगतात असं मी ऐकून होते. एकच वस्तू दोघंही एकमेकांच्या गळ्यात घालताहेत हे मी पहिल्यांदा पाहत होते. मागचं कारण मला हळूहळू कळलं. ज्याची फिरकी त्याने ती आवळायची. आणि आवळायची म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ओढून घ्यायची. म्हणजे पहिला हात त्याने पुढे केला असं झालं. आणि पहिला हात पुढे करायचा नाही, यावर तर सहा वर्षं उभी होती.

"मग मी आवळते," मी म्हणाले आणि पाना उचलला.

दोघंही ताडकन उभे राहिले.

"परक्याच्या वस्तूक हात लावू नको!"

"परक्याच्या म्हणजे कुणाच्या?"

यावर दोघंही परत बसले.

दुसऱ्या दिवशी मी सायकलची जुनी ट्यूब कापून फिरक्यांभोवती गुंडाळली. आवाज थोडा दबला, पण ढिल्या तारांमुळे डोलकाठीच बुडाशी कुरकुरायला लागली. जेवून परत आले तर ट्यूबचे तिन्ही तुकडे धक्क्यावर नीट घडी घालून ठेवलेले.

"कुणी काढले?"

"वस्तू कोणाची ता ठरल्याशिवाय तिका कपडे कशे घालतंस?" जगूकाका म्हणाले. आणि धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला मोतीकाकांनी, नकळत असावं, मान डोलावली.

मग मला वाटलं, अडचण अज्ञानाची आहे. यंत्र समजलं की भीती जाईल. मी कोळशाने धक्क्याच्या फरशीवर फिरकीचं मोठं चित्र काढलं.

"हे बघा. चौकट एकदा फिरवली की वरचा दांडा एक आटा आत येतो आणि खालचाही एकच आटा आत येतो. एकाला जास्त, दुसऱ्याला कमी असं होऊच शकत नाही. कोण कुणाकडे गेलं हा प्रश्नच येत नाही. दोघं सारखेच मध्ये येतात."

दोघंही चित्राच्या दोन बाजूंना उभे राहून बराच वेळ बघत राहिले. माझ्या अंगावर शिक्षकी समाधान पसरायला लागलं होतं. मोतीकाका होडीत उतरले. फिरकीच्या चौकटीत बोट घालून त्यांनी आटे मोजले. मग दुसऱ्या फिरकीचे, मग तिसरीचे.

"माझ्याकडचे नऊ आत इलेत," ते वर येऊन म्हणाले. "त्येच्याकडचे सहा. तीनव फिरकेत तसाच. खंय गेलो तुझो नियम?"

मी उतरून पाहिलं. नऊ आणि सहा. नऊ आणि सहा. नऊ आणि सहा.

"हे जोडताना झालं असणार. फिरवताना नाही. जोडताना एक दांडा आधीच जास्त आत..."

"त्येका सांग," मोतीकाका म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा चढला, "नऊ आटे मी गेलंय. तो सहाच इलो. आयुष्यभर ह्याच झाला हा."

"त्येका सांग, नऊ जाऊक कोणी सांगल्यानी होती?"

त्या दिवसापर्यंत दोघांमध्ये काय बिनसलं होतं ते मला माहीत नव्हतं आणि पुढेही कळलं नाही. पण त्या दिवसापासून वाडीत सगळ्यांना त्याचा आकडा मिळाला. तीन आटे.

गुरुवारी दोघंही वेगवेगळ्या वेळी देवळात जाऊन देवाला कौल लावून आले; उजवा म्हणजे होकार, डावा म्हणजे नकार. हे मला गुरवाने सांगितलं. मोतीकाकांनी विचारलं, जगूने आवळावी काय? देवाने उजवा कौल दिला. दुपारी जगूकाकांनी विचारलं, मोतीदादाने आवळावी काय? देवाने उजवा कौल दिला.

"मगे मी त्यांका सांगलंय," गुरव म्हणाला, "देव म्हणता दोघांव आवळा. तर दोघांव माझ्यावरच खवळले."

यंत्राच्या दृष्टीने पाहिलं तर देवाचं उत्तर चुकीचं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी माझा धीर संपला. होड्या वर ओढायचे दिवस आले होते; बाकीच्यांनी पावसाळ्यासाठी होड्या शाकारायला घेतल्या होत्या. एका दिवसात यंत्र जाणार होतं आणि माझ्याजवळ टक्-टक् सोडून काही नव्हतं. मी धक्क्याच्या बरोबर मध्यावर उभी राहिले.

"मोतीकाका, फिरक्या तुमच्या नाहीत?"

"न्हय."

"जगूकाका, तुमच्या नाहीत?"

"न्हयच मुळी."

"मग कुणाच्या आहेत?"

दोघांचीही मान एकाच वेळी वळली. दोघांनीही खाडीच्या पलीकडे पाहिलं. तिथे माड होते, तरीचा धक्का होता आणि एका कौलारू घरावर काहीतरी लाल वाळत घातलेलं होतं.

"तिकडे कोण राहतं?"

"कोण नाय," मोतीकाका म्हणाले.

"ताय," जगूकाका म्हणाले. दोन्ही उत्तरं एकदमच आली.

पुढच्या तरीने मी पलीकडे गेले.

शेवंताक्का, म्हणजे मोतीकाकांची धाकटी आणि जगूकाकांची थोरली बहीण, खळ्यात आमसुलांना रस लावत बसली होती. कोपरापर्यंत हात लाल. मी मिरजेहून आले म्हटल्यावर तिने मला नखशिखान्त पाहिलं.

"मिरजेसून? आमसुलांका?"

"नाही. त्या होडीच्या फिरक्यांबद्दल विचारायचं होतं."

तिचे हात थांबले. "आसत त्यो अजून?"

"आहेत. पण सैल झाल्यात."

"सैल होतल्योच. आवळतलो कोण?" ती परत रस चोळायला लागली. "तुका कोणी धाडल्यान? मोतीदादान काय जग्यान?"

"कुणीच नाही."

"ता बरा केलंस. कोणी धाडल्यान आसता तर मी दुसऱ्याचो राग घेतलंय आसतो."

मी तिला सगळं सांगितलं. टक्-टक्, डॉल्फिन, वाळूचे कण, नऊ आणि सहा. कौलाची गोष्ट ऐकून ती इतकी हसली की रसाचं भांडं बाजूला ठेवावं लागलं. मग पदराने डोळे पुसून, म्हणजे कपाळभर लाल रंग लावून घेऊन, ती म्हणाली:

"वाटणी झाली तेवा पंचांनी बाबाक इचारल्यानी, दोन झिलांका झाला, चेडवाक काय? बाबा म्हणालो, तिका तीन फिरक्यो. सगळे हसले. पंच हसले, ह्ये दोघे हसले. मीव हसलंय. घराचो पत्रो नाय, झाड नाय, फिरक्यो!"

"तुम्ही मागितल्या नाहीत कधी?"

"मागून काय करू? माझो वाटो काढून हाडलंय तर काठी पडतली. मगे थयच ठेवलंय." तिने एक आमसूल उलटलं. "बाबा गेलो. मगे ह्येंनी भिंत घातल्यानी. भाऊबीजेक गेलंय तर दोन दारां. ह्या दारान गेलंय तर तो रुसता, त्या दारान गेलंय तर हो. मी भायल्या भायर मागे फिरलंय. म्हटलंय, दार एक करा, मगे येतलंय."

"आणि त्यांनी?"

"दोघांनीव सांगल्यानी, त्येका सांग."

मी उठायला लागले. एका घरात परत न जायचा निश्चय माणसाने केला असेल तर त्यात भौतिकशास्त्राला करण्यासारखं काही नसतं.

"बस गो," ती म्हणाली. "मी घराक येवचंय नाय म्हटलंय. होडयेत येवचंय नाय असा खंय म्हटलंय?"

ती आत गेली. लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलेला एक लांब, काळा पाना घेऊन बाहेर आली. त्याला मोहरीचा वास येत होता.

शनिवारी पहिल्या तरीने ती आली. नऊवारी घट्ट खोचलेली, काखेत पाना, हातात आमसुलांची पिशवी. धक्क्याच्या दोन्ही टोकांना दोघं भाऊ उभे. ती मधोमध थांबली.

"बरा मगे?" ती म्हणाली. कुणाला ते कळायला मार्ग नव्हता.

"बरा," दोघंही म्हणाले.

"बारीक झालंस तू," परत तसंच, हवेला. दोघांनीही आपापल्या पोटाकडे पाहिलं.

मग ती होडीत उतरली, पहिल्या फिरकीशी बसली आणि चौकटीत बोट घालून आटे मोजले.

"नऊ नि सहा कित्याक?"

मोतीकाकांनी जगूकाकांकडे बोट दाखवलं. जगूकाकांनी मोतीकाकांकडे.

"आवळताना ह्या होयना नाय. ह्या जोडताना चुकला," ती म्हणाली. मी तीन दिवस हेच सांगत होते, पण माझ्या बोलण्याला मोहरीचा वास नव्हता. "मोतीदादाचे तीन भायर काढूक होये. पिन काढतंय. जग्या, काठी धर. दादा, तू खालचो दांडो धर."

पिन निघाली. तार मोकळी झाली. त्याच वेळी एक मचवा इंजिन वाजवत धक्क्याजवळून गेला, लाट आली आणि डोलकाठी, हिरवीगार, अठरा फुटांची, मोतीकाकांच्या डोक्याच्या दिशेने कलली.

"दादा, सरक! दादा!"

"मी बरो आसंय, तू काठी सोडू नको!"

"सोडूक नाय! तू आधी सरक मेल्या!"

"मेल्या कोणाक म्हणतंस?"

"तुका!"

काठी सरळ झाली. लाट गेली. होडीत एकदम शांत झालं. मी पटकन मोतीकाकांकडे पाहिलं, मग जगूकाकांकडे. निरोप पोचवायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

"गप कित्या झालास?" शेवंताक्का म्हणाली. तिने वर पाहिलंसुद्धा नव्हतं. "धरा. फिरवतंय."

तिने खालचा दांडा तीन आटे बाहेर काढला. सहा आणि सहा. पिन परत घातली. मग चौकटीत पाना अडकवून ती फिरवायला लागली. वरचा दांडा तारेबरोबर फिरू नये म्हणून जगूकाकांनी तो पकडीने धरला होता. खालचा पिनेत अडकलेला होता, तो धरायची काहीच गरज नव्हती. तरी मोतीकाकांनी तो दोन्ही हातांनी, दात आवळून धरला होता.

सात आणि सात. आठ आणि आठ. तिघांची डोकी एका वितेवर आली होती. मोतीकाका मोठ्याने मोजत होते. दहाला जगूकाकाही मोजायला लागले. अकराला तिने तारेला टिचकी मारली. तार घुमली.

"बाबा अकरावरच थांबायचो," ती म्हणाली.

दुसरी फिरकी. तिसरी. तीनही ठिकाणी अकरा आणि अकरा. मी एकेक फिरकी हलवून पाहिली. हलली नाही. एकोणिसांपैकी सैल शून्य.

"चल," शेवंताक्का मला म्हणाली, "तुझे मासे बघूया."

"तुम्हीही येणार?"

"माझी वस्तू मी एकटी सोडतलंय? ह्येंच्याबरोबर?"

अशी त्या होडीत माणसं चार झाली. वारा मंद, पाणी सपाट. मुखाशी पोचलो तोवर ओहोटी संथ झाली होती. डॉल्फिन आधीच आलेले होते. मी सात मोजले, दोन पिल्लांसह. मी मायक्रोफोन पाण्यात सोडला, हेडफोन लावला आणि यंत्राचं बटण दाबलं. काटा स्थिर होता. टक् नव्हतं. त्या पाच दिवसांत मी अशी शांतता ऐकली नव्हती. सलग दहा मिनिटं, एवढंच पाहिजे होतं.

"बाक कापलास काय रे?" शेवंताक्का म्हणाली.

"खंयचो?" मोतीकाका.

"पडवेतलो. बाबाचो."

"नाय. भिंतीत आसा."

"आरपार," जगूकाका म्हणाले. "हो बसलो की मी वर जातंय."

"तू काय कमी बसतंस? काल मी चाय पियत होतंय, कप कपाळाक लागलो!"

"नि दोघांव एकदम बसलास तर?"

दोघंही विचार करायला लागले. काटा खाली आला. मी श्वास धरला. पाण्याखालून एक लांब, वर चढत जाणारी शीळ आली.

"तर बरो रवता," जगूकाका म्हणाले. "हलना नाय."

आणि तिघंही हसायला लागले. मोतीकाका हसताना होडीच्या काठावर हात आपटत होते, आणि होडीचं लाकूड तो आवाज इमानाने पाण्यात उतरवत होतं. काटा शेवटच्या रेघेला जाऊन आपटत होता.

मी 'जरा शांत' म्हणायला हात वर केला. जगूकाकांनी तो पाहिला. "काय गो? काय होया?" मोतीकाका तेवढ्यात म्हणत होते, "ऐक रे जग्या, ऐक, तुका आठवता, बाबान माका मुशीच्या कालवणाक..."

मी तोच हात केसांवरून फिरवला आणि खाली आणला.

"काही नाही," मी म्हणाले.

यंत्र परत देण्याआधी त्या संध्याकाळी मी सगळं रेकॉर्डिंग घड्याळ लावून ऐकलं. एकूण बेचाळीस मिनिटं. त्यात फिरक्यांचा आवाज शून्य सेकंद, डॉल्फिनची शीळ सव्वीस सेकंद, माणसांचं बोलणं आणि हसणं चाळीस मिनिटं तीन सेकंद, आणि सलग शांततेचा सर्वांत मोठा तुकडा अकरा सेकंद.